ताडपत्री मास्तर आणि ठकीची वाहतूक

ताडपत्री मास्तरांना बोलतं करणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करण्यापैकी होतं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मास्तर मान वर करत, त्याच्या हातातल्या कापडाकडे बघत आणि पुन्हा मशीनवर वाकत. तेवढ्यात गिऱ्हाईकाने ओळखायचं, की काम घेतलं, परवा या, आणि फाटकं आणायचं तर निदान झटकून आणावं, एवढीही रीत उरली नाही का. नव्या माणसाला हे कळत नसे. तो आपला उभाच राही. मग शेजारच्या टपरीतला चावीवाला ओरडून त्याला अर्थ सांगे.

कामाला मात्र मास्तर पक्के. ट्रकवरच्या ताडपत्र्या, हातगाड्यांची छतं, दुकानांपुढचे पडदे, जे जे उघड्यावर भिजतं ते ते मास्तर झाकून देत. दुहेरी शिवण, शिवणीवर मेणाचा हात, कडेला पितळी कड्या, कड्यांतून ओवलेला दोर. त्यांनी झाकलेल्या मालाला ओल लागली असं म्हणणारा माणूस सापडला नसता. सापडलाच असता, तर मास्तरांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं असतं की तोच जागच्या जागी भिजला असता.

बायको होती तोवर मास्तरांचं न बोलणं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. "हे म्हणत होते, पडद्याचा रंग जरा भडकच झाला," असं ती शेजारणीला सांगे. "हे म्हणत होते, तुमच्या धाकटीचं लग्न घाईत ठरवू नका." ह्यांनी बापड्यांनी हूं की चूं केलेलं नसे. पण गल्लीत मास्तरांची ख्याती अशी, की माणूस कमी बोलतो पण मतं फार ठाम. ती गेली आणि मग लोकांना कळलं, की ती सगळी मतं तिची होती. मास्तरांकडे उरलं ते मशीन, दुकानामागची एक खोली आणि रात्री त्या खोलीत स्वतःच्याच खोकल्याचा आवाज.

मुलगा जहाजावर, इंजिनखोलीत. महिनोन्महिने पाण्यावर. सून आणि तान्ही नात गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. नातीला सगळे ठकी म्हणत. नुकती बसायला लागली होती आणि बसल्या बसल्या एकदम बाजूला कलंडायची, त्याचं तिला स्वतःलाच हसू यायचं. सून येता-जाता दुकानापाशी थबकून विचारी, "बाबा, जेवलात का?" मास्तर मान हलवत. सून पुढे जाई. लोकांना वाटे, सासऱ्या-सुनेचं बिनसलंय. तसं काही नव्हतं. बिनसलं असतं तर बरंच झालं असतं. भांडणाला निदान शब्द तरी लागतात. ह्या दोघांच्या मधे बसून "हे म्हणत होते" म्हणणारी बाई उठून गेली होती, आणि ती जागा कशी भरायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाळंतपणाची रजा संपली आणि सून पुन्हा कामावर जाऊ लागली. मोठ्या दवाखान्यातली धुलाई, तिथे चादरींना इस्त्री करायचं काम. कोरड्या दिवसांत अडचण नव्हती. ठकीला बाबागाडीत घालायचं, सपाट रस्त्याने रेल्वेखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचं, वाटेतच, सगळे जिला मावशी म्हणत तिचं पाळणाघर, तिथे ठकीला सोपवायचं आणि पुढे दवाखाना. पण थंडीतला पाऊस सुरू झाला की बोगदा गुडघाभर भरायचा. मग धुलाईची गाडी वरच्या रस्त्याने बायकांना उचलून न्यायची, आणि त्या गाडीत लेकरांना मज्जाव. पाळणाघराला जायला उरायची ती टेकडीवरची पायऱ्यांची वाट आणि रुळांवरचा पूल. पायऱ्यांवर बाबागाडी चालत नाही. संध्याकाळी घाई नसे, पोरीला कडेवर घेऊन सून सावकाश येऊ शके. प्रश्न सकाळचा.

अशाच एका चिंब सकाळी ती दुकानाच्या दारात छत्री झटकत उभी राहिली. पाऊस असेल त्या दिवशी ठकीला पाळणाघरात पोचवाल का, असं तिने विचारलं. विचारताना ती मास्तरांकडे न बघता मशीनकडे बघत होती, म्हणजे नाही म्हणायला त्यांना सोपं जावं.

मास्तरांनी मान हलवली. सून गेल्यावर त्यांनी हातातलं ट्रकचं काम बाजूला सारलं, दुकानाला आतून कडी लावली आणि कपाटातलं सगळ्यात चांगलं रबरी कापड बाहेर काढलं. ट्रकवाला दार ठोठावून ठोठावून परत गेला. मास्तरांनी गिऱ्हाईक परतवलं, ही बातमी चावीवाल्याने तासाभरात गल्लीभर केली.

झालं काय, मास्तरांनी ठकीसाठी एक आवरण शिवलं. पाठीवर अडकवायची पिशवीच म्हणा. शिवण दुहेरी नव्हे, तिहेरी. शिवणीवर मेण. वरती झाकण, झाकणाला पितळी कड्या, कड्यांत दोर, आणि पोरीला बाहेरचं दिसावं म्हणून तोंडासमोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. मास्तरांनी ते नळाखाली धरलं, बादलीत बुडवलं, उलटं टांगून तपासलं. आत थेंब नाही. आयुष्यात त्यांनी शिवलेली ही सगळ्यात सुंदर वस्तू, असं त्यांना वाटलं असावं. त्या संध्याकाळी ते चावीवाल्याच्या टपरीपुढे उगाचच दोनदा येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण उभे राहिले.

पुढच्या पावसाच्या सकाळी सुनेने ठकीवर स्वेटरावर स्वेटर चढवले, वर दुपटं गुंडाळलं. मास्तरांनी तिला पिशवीत बसवलं, दोर ओढला, गाठ मारली. ते पायऱ्या चढले, पूल ओलांडला, वाऱ्यात छत्री उलटी झाली तरी थांबले नाहीत. पाठीवरची ठकी सुरुवातीला कुरकुरली, मग गप्प झाली. झोपली असेल, मास्तरांना बरं वाटलं.

पाळणाघराच्या ओसरीवर त्यांनी पिशवी उतरवली. बाहेरून पाणी मोत्यांसारखं घरंगळत होतं. मावशीने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, आतून पांढरं धुकं धरलं होतं. मावशीने एकदम दोर ओढला, झाकण फाडल्यासारखं उघडलं आणि पोरीला बाहेर काढलं. ठकी लालबुंद. केस कपाळाला चिकटलेले, स्वेटर पिळावेत इतके ओले, पाठीवरून घामाच्या धारा. बाहेरची हवा लागताच ती कुडकुडली आणि तिने असं भोकाड पसरलं की आतली सगळी पोरं तिच्या साथीला रडू लागली.

मावशी पोरीला पुसता पुसता मास्तरांना झाडत होती. पोराचं तोंड कधी नजरेआड करतात का, गुदमरली असती तर पाठीला डोळे होते का तुमच्या, असं बरंच. मास्तर पिशवी हातात धरून उभे. त्यांची बोटं आपोआप शिवण चाचपत होती. कुठे गळली, ते शोधत होती.

मावशीच्या ते लक्षात आलं. ती आवाज जरा खाली आणून म्हणाली, "शिवण नका बघू, मास्तर. शिवण चांगली आहे. तुम्ही माल झाकलात. माल श्वास घेत नाही."

ही गोष्ट दुपारच्या आत धुलाईत पोचली. पोचवणारी मावशीच, तेही तिचं कामच. ठकीला त्या रात्री सर्दी झाली, साधीच, पण नाक चोंदलेल्या लेकराची आई सर्दीला साधी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सून दुकानाच्या दारात आली ती छत्री न मिटताच. रागावली नव्हती. रागावली असती तर मास्तरांना सोसलं असतं.

"बाबा, आई म्हणतेय थंडी संपेपर्यंत तिकडेच ये," ती म्हणाली. "कामाचं काय ते मग बघू. ह्या आठवड्यानंतर जाईन म्हणते. तोवर उशीर झाला तरी मीच ठकीला पायऱ्यांनी नेते."

तिची आई दिवसभराच्या प्रवासावर. तिकडे गेलेली सून थंडी संपल्यावर परत येईलच, ह्याची खात्री कोण देणार? तिथे आई, भाऊ, भावजय, भरलेलं घर. इथे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि न बोलणारा सासरा. मास्तरांना हे सगळं एका क्षणात कळलं. त्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार? गेली तर "बाबा, जेवलात का" एवढंही विचारायला कोणी उरणार नव्हतं, आणि नको जाऊस असं म्हणायचं असतं हे त्यांना सुचलंच नाही.

त्या दुपारी, मागे दार ठोठावून परत गेलेला तो लाल ट्रकवाला आपली ताडपत्री न्यायला आला आणि पुढे जे घडलं ते त्याने इतक्या जणांना इतक्या प्रकारांनी सांगितलं आहे, की खरं तेवढंच निवडून सांगायचं म्हणजे मेहनतच. मास्तर स्टुलावर बसले होते. अंगात स्वेटरावर स्वेटर, वरून कांबळं. आणि त्याच रबरी कापडाचा मोठा तुकडा त्यांनी स्वतःभोवती गुंडाळून घेतला होता, डोक्यावरून झाकण, तोंडासमोर प्लास्टिक. दोर मात्र त्यांना बांधता येईना, कारण हात आत.

"बरं झालं आलास," आतून आवाज आला. "जरा तोंड बांध."

ट्रकवाल्याने बांधलं. मास्तर म्हणाले म्हणून बांधलं, असं तो शपथेवर सांगतो. नंतर तो समोरच्या टपरीवर चहाला गेला, दोन ओळखीचे भेटले, गप्पा झाल्या, आणि मग त्याला आठवलं की आपण एका म्हाताऱ्याला गाठोड्यात बांधून आलोय. धावत येऊन त्याने दोर सोडला. आतून वाफ निघाली. मास्तरांच्या टकलावरून पाणी गळत होतं. ते दारातल्या गार वाऱ्यात उभे राहिले आणि दातावर दात वाजेपर्यंत तसेच उभे राहिले. मग आत जाऊन मोठी कात्री घेतली आणि ठकीची ती तिहेरी शिवणीची पिशवी उभी आडवी कापून टाकली.

"मास्तर डोक्याने गेले," ट्रकवाल्याने पहिल्या फाट्यावरच जाहीर केलं. संध्याकाळच्या धुलाईच्या गाडीत ही बातमी सुनेच्या आधी चढून बसली होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कोणी म्हणालं, स्वतःलाच पार्सल करून मुलाकडे जहाजावर पाठवणार होते. सूनही हसली असं म्हणतात. मग हसता हसता खिडकीकडे वळली आणि बाहेर बघत राहिली.

वाटेत पाळणाघरापाशी उतरून, ठकीला कडेवर घेऊन ती थेट दुकानात आली. आत दोरीवर ओले स्वेटर टांगलेले, खाली कापडाचे तुकडे. मास्तर कोरड्या सदऱ्यात मशीनशी बसले होते, काही शिवत नव्हते.

"काय ऐकतेय मी, बाबा?"

मास्तरांनी मशीनवरची धूळ पुसली. ती जाईल म्हणून वाट बघत होते, पण ह्या खेपेला ती गेली नाही. कडेवरच्या ठकीने मशीनच्या चाकाला हात घातला.

"आतून पाऊस पडतो गं त्यात," मास्तर म्हणाले. "तिला बोलता येत नाही. म्हटलं आपण बसून बघावं."

लग्न होऊन आल्यापासून सुनेने सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं. तिने ठकीची मूठ चाकावरून सोडवली, डोळे पुसले की नाक पुसलं ते चावीवाल्याला त्याच्या टपरीतून नीट दिसलं नाही, आणि म्हणाली, "उठा. मावशीकडे जाऊ."

मावशीने दार उघडलं आणि सासऱ्या-सुनेला एकत्र बघून तिची पहिली प्रतिक्रिया अशी की आता नक्की कोणीतरी मेलंय. कारण कळल्यावर तिच्या उत्साहाला ऊत आला. आतून एक लांबच लांब सुती पट्टा आणला, मऊ, धुवून धुवून विरलेला, आणि मास्तरांना हात वर करून उभं केलं. पट्ट्याचा मध्य पोटावर, टोकं पाठीमागून फुली करून खांद्यांवरून पुढे. सुनेने ठकीला त्यांच्या छातीशी धरायचं आणि मावशीने आवळायचं. आता सासऱ्याच्या छातीशी पोर धरायची म्हणजे सुनेला अगदी लगटून उभं राहावं लागलं. दोघंही दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होते. मावशीला ह्याची भारी मजा वाटली. तिने गाठ मारायला हवा त्याहून बराच जास्त वेळ घेतला.

"उभी धरायची, अशी उंच," ती सांगत होती. "मान खाली केली की टाळूची पापी घेता आली पाहिजे. घेणार नाही म्हणता? नका घेऊ. पण घेता आली पाहिजे. हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही, खाली दोन बोटं राहिली पाहिजेत. गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. तोंड सतत डोळ्यांसमोर. आणि स्वेटर एकच. तुमचं अंग ही शेगडी आहे, मास्तर. बरीच वर्षं पेटवलेली नसली तरी."

मास्तरांचे कान तांबडे झाले. सून भिंतीकडे बघत हसू दाबत होती.

टोपी आणि पायमोजे मात्र हवेतच, मावशीने बजावलं, कारण डोकं आणि पाय पट्ट्याबाहेर राहतात. आणि कोट वरून, दोघांना मिळून एक. पण गळ्याशी उघडा. पोहोचल्यावर हात-पाय गार लागले तर घाबरायचं नाही. मानेच्या मागे बोटं घालून बघायचं, तिथे ऊब आणि कोरडं असलं की झालं.

मास्तर हे सगळं ऐकत होते, पण त्यांचे दोन्ही हात हवेत तरंगत होते, कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. आयुष्यभर त्यांनी माल बांधला होता. माल गाडीला बांधायचा, स्वतःला कधी काही बांधायचं नसतं. ठकीने त्यांच्या सदऱ्याची गुंडी तोंडात घातली. शेवटी एक हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

पुढचे दोन दिवस दुकानात पुन्हा ट्रकची कामं पडून राहिली. मास्तरांनी आपला जुना, ढगळ कोट उसवला. पुढच्या बाजूला कापडाची पाचर बसवली, म्हणजे कोट दोघांवर मिटेल पण दाबणार नाही. रबरी कापड लावलं ते फक्त खांद्यांवर आणि पाचरीवर. गळ्याशी मोकळं ठेवलं, खालून मोकळं ठेवलं. आणि गळ्याच्या वर, ठकीच्या डोक्यावर येईल असा, दुकानापुढच्या पडद्यासारखा छोटासा छज्जा काढला. बुटांच्या तळाला जुन्या टायरचे तुकडे ठोकले. मग पट्ट्यात ठकीच्या वजनाची वाळूची पिशवी बांधून ते पायऱ्या चढून उतरून आले. वाटेत पिशवीला वारा लागू नये म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात धरला होता, असं पाहणारे सांगतात. पाहणारे काहीही सांगतात, पण हे खरं असावं.

सुनेचा निघायचा दिवस जवळ आला होता. आईकडे जायची पिशवी भरलेली होती. त्या सकाळी पाऊस होता, आणि पावसात बर्फाची बारीक कणी मिसळलेली, गालावर सुया टोचाव्यात तशी. सून ठकीला घेऊन खाली आली. दोघांनी मिळून पट्टा बांधला, ह्या वेळी भिंतींकडे न बघता. धुलाईची गाडी वरच्या रस्त्यावर हॉर्न देत होती. सून गाडीत चढली, पण मान मागे वळवून पायऱ्यांकडे बघत राहिली, बाकीच्या बायकांनी खेचून बसवलं तोवर.

मास्तर एका हाताने कठडा धरून चढत होते. प्रत्येक पायरीवर खाली बघत, मग छज्ज्याखाली बघत. दोन डोळे, एक नाक, नाकातून निघणारी इवलीशी वाफ. पुलावर वारा आडवा आला तेव्हा त्यांनी पाठ करून त्याला अडवलं. ठकीला उचकी लागली. ती उचकी मास्तरांना स्वतःच्या फासळ्यांत लागल्यासारखी वाटली. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, उचकीत मन रमवतात ना लेकरांचं. बायको असती तर तिने सांगितलं असतं. पुलावर दुसरं कोणी नव्हतं. मास्तर तिला पितळी कड्यांबद्दल सांगू लागले. हलकी कडी कशी हिरवी पडते, जाड दोराला कोणती कडी घ्यावी, मेण फार तापवलं तर शिवण कशी काळी होते. ठकी त्यांच्या हनुवटीकडे टक लावून बघत होती. इतकं मन लावून त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. पूल संपला, उतार संपला, तरी कड्यांचा विषय संपला नाही.

पाळणाघराच्या दारात मावशीने कोट उघडला आणि ठकीच्या मानेमागे बोटं घातली. बाहेरची कणी तिच्या स्वतःच्या केसांत अडकत होती. ती काही बोलली नाही, आणि मावशी बोलली नाही ह्याचा अर्थ काय ते ह्या भागात सगळ्यांना कळतं. तिने फोन उचलून धुलाईत लावला. "कोरडी आहे," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

मास्तर रिकामा पट्टा घडी करून परत निघाले. आता कोट ढगळ झाला होता, पाचरीतून वारा आत शिरत होता. येताना जे अंतर कळलंही नव्हतं ते जाताना संपेना. पुलावर ते थांबले, कोणी नाही असं बघून, कड्यांचं राहिलेलं एक वाक्य बोलले, आणि मग स्वतःवरच चिडून भराभर उतरले.

सून आईकडे गेली नाही. पिशवी उपसून ठेवली म्हणे.

पण ह्यातून एक नवीनच दुखणं निघालं. मास्तर पहाटेच जागे व्हायचे आणि पत्र्यावर पाऊस वाजतोय का ते ऐकायचे. वाजत असला की उठून शीळ घालत कोट झटकायचे. नसला की तसेच पडून राहायचे, उजेड दिसेपर्यंत, उजेड आल्यावरही. कोरडा दिवस म्हणजे बोगदा मोकळा, बोगदा मोकळा म्हणजे बाबागाडी. साऱ्या गावाने थंडीच्या पावसाला शिव्या घालाव्यात आणि एकाच माणसाने त्याची वाट बघावी. शहाण्या माणसाला हे शोभत नाही, म्हणून मास्तर कोणाला सांगत नसत. चावीवाल्याला काय, सांगायची गरज नसते.

मग आकाश उघडलं. लागोपाठ कोरडे दिवस, ऊन चकचकीत, गारठा तेवढाच. सून सकाळी बाबागाडी ढकलत दुकानापुढून जाई, थबकून विचारी, जाई. मास्तर मान हलवत. एका सकाळी ते सवयीने कोट चढवून दारात उभे राहिले. चावीवाला टपरीतून म्हणाला, "काय मास्तर, छज्जा कोणासाठी? उन्हासाठी?" मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला आणि मशीनवर बसले. सुईत दोरा ओवायला गेले तर ओवला जाईना.

दारात सावली पडली. सून उभी होती. पुढ्यात बाबागाडी, कडेवर ठकी.

"बाबा, ही गाडीत बसत नाही आता," ती म्हणाली. "टाकली की किंचाळते. ही सवय तुम्ही लावलीत. तुम्हीच निस्तरा."

ठकी त्या वेळी किंचाळत नव्हती. टोपीची नाडी चघळत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, बाबागाडीकडे बघितलं. गाडीत जेवणाचा डबा आणि एक पिशवी. पोर बसतच नसेल तर गाडी कशाला, असं कोणीही विचारलं असतं. मास्तरांना विचारता येत नव्हतं, ते त्या दिवशी बरंच झालं. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला.

बोगद्यातून तिघं गेले, मास्तरांच्या छातीवर ठकी, बाजूला रिकामी गाडी ढकलणारी सून. बोगद्यात ठकीने ओरडून आपलाच आवाज परत आलेला ऐकला आणि पुन्हा ओरडली. सून नवऱ्याच्या फोनबद्दल सांगत होती, इस्त्रीच्या वाफेने हात कसे सोलवटतात ते सांगत होती. मास्तर ऐकत होते. पलीकडे बाहेर पडताना ते म्हणाले, "उजवं चाक कुरकुरतंय. संध्याकाळी आण, तेल घालतो."

संध्याकाळी काय झालं ते गल्लीत बहुतेकांनी पाहिलं. ठकी पाळणाघरापासून बाबागाडीत बसून, पाय नाचवत, खदखदा हसत आली. गल्लीच्या कोपऱ्यावर सुनेने इकडे तिकडे बघितलं, तिला उचलून कडेवर घेतलं आणि रिकामी गाडी ढकलत दुकानापाशी गेली. चावीवाला बघत होता, समोरचा चहावाला बघत होता, लाल ट्रकवाला काचेतून बघत होता. ट्रकवाल्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

मास्तरांनी गाडी कलती करायला बैठकीवर हात टेकला. बैठक उबदार होती. ते क्षणभर तसेच राहिले, मग तेलाची कुपी घेऊन खाली बसले आणि चाक फिरवून फिरवून, फार वेळ, तेल घालत राहिले.

"रिकामी गाडी कशाला ढकलत नेतेस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"डबा जड असतो, बाबा," सून म्हणाली.

"असणारच," मास्तर म्हणाले. "उद्या ऊन आहे म्हणतात. मी तयार असतो."

ती गेली, कडेवर पोर आणि पुढे गाडी. मास्तरांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि चाकाचा आवाज कुठवर येतो ते ऐकत उभे राहिले. तेल चांगलं होतं. काहीच ऐकू आलं नाही.